तोडायचं, फोडायचं की तासायचं?

मॅकिनॉ पूल ओलांडून आम्ही मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात जातो, तेव्हा गाडीत तंबू, स्लीपिंग बॅगा, पोह्यांची पिशवी असं सगळं असतं. जळाऊ लाकूड मात्र नसतं. ते तिथे पोचल्यावरच घ्यायचं. 2002 मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात एमराल्ड ॲश बोरर हा आशियातून आलेला हिरवा, चकचकीत किडा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली राहून झाड पोखरतात आणि जळणाच्या मोळीत बसून फुकट प्रवास करतात. कोट्यवधी ॲश झाडं त्यात गेली. म्हणून जिथलं लाकूड तिथेच जाळा, असं जागोजागी बजावलेलं असतं. पार्कातल्या उभ्या झाडांना हात लावायचा नाही, हे तर आलंच.

म्हणजे तोडायला काही नाही. मग हत्यारं कशाला?

टाक्वामेनन धबधब्याजवळ तंबू ठोकला की पहिल्याच संध्याकाळी कळतं. (धबधबा जवळजवळ पन्नास फूट उंच आणि दोनशे फूट रुंद, सीडरच्या दलदलीतून आलेलं पाणी थेट कोऱ्या चहाच्या रंगाचं. बघाच.) विकतच्या मोळीतले ओंडके वाळलेले, पण जाडजूड. त्यांना काडी लावली तर ते नुसते काळे होतात. आधी बोटाएवढ्या ढलप्या हव्यात.

मी काही वर्षं मराठी शिकवलं आहे, त्यामुळे मला हा सगळा क्रियापदांचा मामला वाटतो. दुकानात एका भिंतीभर ‘कटिंग टूल्स’ टांगलेली असतात आणि नवऱ्याची नजर हमखास सगळ्यात लांब पात्याच्या मशेटीवर जाते. मी विचारते, आपल्याला करायचंय काय? तोडायचं, फोडायचं, कापायचं, की तासायचं?

यंदा उन्हाळ्यात सासूबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांचं सारं आयुष्य दापोलीकडे बागेत गेलं. कमरेच्या आकडीत कोयती अडकवून फिरणारी माणसं त्यांनी रोज पाहिलेली. त्यांनी आमची छोटी कुऱ्हाड हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “हिचं पोट जाड आहे गं. ही फोडायची.” माझ्या सगळ्या वाचनाचं सार त्यात आलं. कोयत्याचं पातं पातळ आणि पुढे वाकलेलं. ओली फांदी, बांबू, झावळ त्याच्या बाकात सापडते आणि तुटते. मशेटीही त्याच कुळातली. वाळक्या मेपलमध्ये ती रुतून बसेल. तिथे पाचरीसारखं जाड डोकं हवं, जे रेषेतून लाकूड दुभंगतं.

पण आखूड दांड्याच्या कुऱ्हाडीचा नेम चुकला तर ती आपल्याच पायाकडे येते. तिच्यासाठी गुडघ्यांवर बसायचं, खाली दुसरा ओंडका ठेवायचा. पातं लाकडाच्या टोकावर टेकवून दोन्ही एकत्र उचलून आपटलं की वार करावाच लागत नाही. फोनची रेंज येते-जाते आणि दवाखाना दूर, अशा जागी हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच कारणानं आडवं कापायला मी घडीची करवत घेते. ओढताना कापणारी, हलकी, आणि तिच्यात घाव घालायचाच नसतो.

सुरी मात्र घडीची नको. जोर दिल्यावर पातं बोटांवर मिटण्याची भीती राहते. स्वीडनच्या मोरा गावची चारेक इंची, म्यानातली साधी सुरी स्वस्त असते आणि पुरते. सुपीरियर सरोवराच्या दमट हवेत स्टेनलेस बरी. कार्बन स्टील पुसून तेल लावत बसावं लागतं. धार मात्र हवीच. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर लावला की हात सटकतो. भाजीसाठी सासूबाईंनी विळी आणायचा हट्ट धरला होता. तंबूच्या उंचसखल जमिनीवर ती डुगडुगेल, हे त्यांनाच पटलं.

खरा वाद झाला मुलीवरून. नऊ वर्षांची पोर सुरी मागते, द्यायची का? मी म्हटलं, द्यायची. शाळेत मी पाहिलंय, लपवलेल्या वस्तूकडेच मुलं जातात. इथल्या स्काउटांत ‘टोटिन चिप’ नावाचं कार्ड असतं: नियम शिकलात की हत्यार वापरायची परवानगी, आणि चूक केली की कार्डाचा एकेक कोपरा कापला जातो. तसंच कार्ड मी घरी केलं, सगळ्यांसाठी. हातभर अंतरात कुणी नको, पातं अंगापासून दूर चालवायचं, उघडं पातं घेऊन चालायचं नाही.

लेकीनं काठी तासून मक्याचं कणीस भाजायला टोक काढलं. तिचे चारही कोपरे शाबूत आहेत. पहिला कोपरा गेला तो उघडी करवत घेऊन गाडीकडे निघालेल्या तिच्या बाबांचा; कापला सासूबाईंनी.