मोटरी मोठ्या, वेळ छोटा

खेळण्यातल्या ड्रोनच्या मोटरी ७ मिलिमीटर व्यासाच्या होत्या. नातवाने त्या काढून साडेआठच्या घातल्या. कारण घरचंच. सप्तापुरात आमच्या घरावर अजून मंगळुरी कौलं आहेत, आणि पंचाहत्तरीनंतर मी शिडीला हात लावला की घरात आरडाओरडा! ड्रोनला कॅमेरा बांधला, पण ते ओझं घेऊन धारवाडच्या वाऱ्यात तो छपरापर्यंत जाईना.

“अज्जा, मोटरी मोठ्या घालू.”

“वाढीव खर्चाची तरतूद कुठून?” मी विचारलं. बँकेतली सवय, दुसरं काय!

मोठी मोटर करंट जास्त ओढते. तेवढा देणारी बॅटरी हवी, सर्किटवरचे बारीक ट्रान्झिस्टरही तो सोसणारे हवेत. नाहीतर आधी तेच जळतात. म्हणून बोर्डही बदलला. शिवाय चारांपैकी दोन मोटरी उजवीकडे, दोन डावीकडे फिरणाऱ्या. जागा चुकली की ड्रोन उडतानाच पालथा.

उडायचा वेळ मात्र घटला, जेमतेम चार मिनिटं. छपराला तेवढी पुरतात, मला व्यवहार पटला.

रविवारी मोबाईलवर दिसलं, माकडांनी पन्हाळीजवळची तीन कौलं फोडलीत. कुणाकडे जुनी मंगळुरी असतील तर कळवा, मृगाआधी बसवायची आहेत.