बंदुकीविना शिकार

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें शिकारीचा शौक संपविला. नामिबियांत तो परवाना काढून अद्याप चालतो. तेथें जांवईबापू पहाटे बंदूक घेऊन निघत आणि मी चहाचा पेला घेऊन पाणवठ्याजवळ बसें.

अशा सहलींत बंदूक न धरणारा म्हणजे वऱ्हाडाचें सामान राखावयास बसविलेला दूरचा काका, असा लोकांचा समज असतो. मला अनुभव उलट आला. शिकाऱ्यास एकच कुडू हवा असतो. त्याचीं पिळदार शिंगें मनांत धरून तो बाकीचें रान न पाहतां ओलांडतो. मला कांहींच नको असल्यामुळें सारेंच मिळत असे: भाल्यासारख्या सरळ शिंगांचे ओरिक्स, बाभळीवर सुगरणीच्या कुळांतील पक्ष्यांनीं बांधलेलें गंजीएवढें सामायिक घरटें, आणि कोंकणांत क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकु येथें रात्रीं चांगलाच वर चढलेला.

तिसऱ्या दिवशीं कुडू पडला. रात्रीं त्याचें मांस पानांत आलें आणि मीं तें चवीनें खाल्लें. तेव्हां अहिंसेचा टेंभा मिरविण्याचा अधिकार मला नाहीं. गोळी त्यांची, जेवण दोघांचें. पाहण्याचें सुख तेवढें माझें एकट्याचें.