ब्रेकचं निमित्त

गेल्या पावसाळ्यात मी अब्बांशी खोटं बोललो. "पद्मिनीचे ब्रेक गेलेत, गाडी बाहेर काढू नका," म्हणालो आणि चावी माझ्या कपाटात ठेवली. कारण ब्रेक नव्हतं. आदल्याच दिवशी पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात, भर दुपारी, डावीकडून सायकलवर आलेला मुलगा त्यांना दिसलाच नव्हता. मी शेजारी बसलो होतो. मुलाने हँडल वळवलं म्हणून वाचला. अब्बा मात्र जुम्म्याच्या गर्दीबद्दल बोलत राहिले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. त्यात आधी कडेचं दिसणं जातं. समोरचं बरेच दिवस शाबूत राहतं, त्यामुळे ज्याचं जातं त्यालाच पटत नाही. बावीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवलेल्या माणसाला हे कोण सांगणार? वर्गात साठ पोरांसमोर मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत बोलतो. घरी एकही भाषा कामी येईना.

दोन महिन्यांनी अब्बाच म्हणाले, "ब्रेकच गेलेत ना? मग काढ चाकं. मी सांगतो, तू कर." (घरात आम्ही कोकणी बोलतो, इथे मराठीत लिहितोय.) बी.एड.ला मला पाठ टाचण शिकवलं, ड्रम काढायला कुणी शिकवलं नव्हतं. पण आता नाही कसं म्हणू?

आमची पद्मिनी 1986 ची. मूळची इटलीची फियाट, पण बनली कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. अब्बा तिला अजून फियाटच म्हणतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. टॅक्सी होत्या तोवर सामान कोपऱ्यावर मिळायचं. आता रबर किट आणि लायनरसाठी मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अर्धा दिवस फिरलो. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे सुटे भाग शोधत फिरणं जरा चमत्कारिकच वाटलं.

रविवारी अंगणात काम काढलं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, हा अब्बांचा पहिला धडा. ड्रम गंजून धरला होता, लाकडी हातोडीने गोल फिरत ठोकला तेव्हा सुटला. आतली काळी धूळ फुंकायला अब्बा वाकले. मी त्यांना मागे ओढलं, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसलं.

डाव्या मागच्या चाकाचं रबर बाजूला केलं आणि बोटं ओली झाली. व्हील सिलिंडर गळत होता. लायनर ब्रेक ऑइलने भिजलेला. आमच्या गाडीची ब्रेकची लाइन जुनी, एकेरी. एका चाकाकडे तेल गेलं की चारही चाकांचा जोर जातो. आदल्या ईदला आम्ही पाच जण याच गाडीतून खंडाळ्याचा घाट उतरलो होतो. माझं खोटं खरं निघालं होतं. मी थोडा वेळ पायरीवर जाऊन बसलो.

सिलिंडर बारीक पॉलिश पेपरने आतून साफ केला, खड्डे नव्हते म्हणून वाचला. रबर धुवायला मी रॉकेल घेतलं तर अब्बा ओरडले. रॉकेलने, पेट्रोलने, इंजिन ऑइलने हे रबर फुगतं. नावात ऑइल असलं तरी ब्रेक ऑइल तेलाच्या जातीचं नाहीच. भाषेच्या मास्तरला हे एका मेकॅनिक-टॅक्सीवाल्याने शिकवावं! शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून फोडलेला जुना डबा वापरायचा नाही. आणि रंगावर सांडलं तर रंगच खातं. डाव्या मडगार्डवर त्याचा पुरावा आता कायम आहे.

शेवटी एअर काढायची. सर्वांत लांबचं चाक आधी. अब्बा स्टिअरिंगवर, मी खाली निपलपाशी पाना आणि पारदर्शक नळी धरून.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा." निपल सैल, नळीतून बुडबुडे, निपल बंद. "सोडा."

चारही चाकांना हेच, बुडबुडे संपेपर्यंत. त्यांचा पाय एकदाही चुकला नाही. शेवटी पेडल दगडासारखं कडक लागलं.

"चावी आण," अब्बा म्हणाले.

मी हात पुसत उभा राहिलो. "अब्बा, ब्रेक खराब आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. मी त्या सायकलवाल्या मुलामुळे चावी ठेवली होती."

"कुठला मुलगा?"

मी सांगितलं. जागा, वेळ, त्याच्या शर्टाचा रंगसुद्धा. ते समोरच्या काचेतून बघत राहिले. असरची अजान झाली, संपली. मी घरात जाऊन चावी घेऊन आलो, कुणाच्या हातात द्यायची ते न ठरवता.

पद्मिनीची पुढची सीट सलग आहे. अब्बा न उतरताच डावीकडे सरकले.

"पहिली फेरी हळू मार," म्हणाले. "नवे लायनर ड्रमला बसायला वेळ घेतात."