रास

ताडकळसच्या शिवारात ज्वारीची रास निघाली की आजा पायली घेऊन खळ्यावर बसायचा. पहिली पायली पोत्यात रिती करताना तो ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन, चार. मी दर पायलीमागं एक खडा बाजूला ठेवायचो. मधेच कुणी पाव्हणा यायचा, बोलण्याच्या नादात आकडा हुकायचा, पण आजा बिनघोर. “खडे हायेत ना,” म्हणायचा. खड्यांना आकडे कुठं येत होते? त्यांना फक्त आपला जोडीदार ठाऊक: या खड्याला ही पायली, त्या खड्याला ती.

मोजण्याच्या आधी जोडी असते, हे त्या खड्यांनी मला शिकवलं. पुढं गणिती गेओर्ग कँटर वाचला तेव्हा तो परका वाटला नाही. दोन राशींच्या जोड्या लागल्या आणि कुठंच काही उरलं नाही, तर त्या सारख्या. मग त्यांना शेवट असो वा नसो. सगळ्या संख्या एकीकडं ठेवा, नुसत्या सम संख्या दुसरीकडं. १ ला २, २ ला ४, ३ ला ६. कुणीही एकटं राहत नाही. निम्मी रास उचलून नेली आणि रास तेवढीच! खळ्यावर असं घडतं तर आजानं पायली खाली ठेवून हात जोडले असते.

कँटरच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, जैन आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ ही टीका लिहिली. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेला हा ग्रंथ हिरालाल जैन यांनी संपादून १९३९ पासून अमरावतीहून छापायला घेतला. त्यात एका बाजूला अनंत कालचक्रांचे क्षण आहेत, दुसऱ्या बाजूला जीवराशी. इकडचा एक क्षण उचला, तिकडचा एक जीव उचला, दोन्ही बाजूला ठेवा. असं करत गेलं तर क्षण सरतात, जीव उरतात. कँटरचा सिद्धांत तो नव्हे, पण अनंताला जोडीनं मापायचं धाडस तेच. आणि शब्दही आमचाच, रास.

कँटरनं मात्र उरणं सिद्ध करून दाखवलं. १८९१ ची त्याची युक्ती मी नेहमी पेरणीतच बघतो. अमर्याद शेत, त्यात अमर्याद तास. प्रत्येक तासात दाण्यामागं दाणा, कुठं ज्वारी, कुठं तूर. कुणी म्हणालं, ज्वारी-तुरीचे होतील तेवढे सगळे क्रम इथं पेरलेत. मग मी पहिल्या तासाचा पहिला दाणा बघतो. ज्वारी असली तर मुठीत तूर घेतो, तूर असली तर ज्वारी. दुसऱ्या तासाचा दुसरा दाणा, तिसऱ्याचा तिसरा, असा तिरका चालत जातो आणि दरवेळी उलटा दाणा घेतो. मुठीतला हा नवा तास पहिल्याशी पहिल्या दाण्यात जुळत नाही, शंभराव्याशी शंभराव्या दाण्यात जुळत नाही. शेतात तो कुठंच नाही. शेत परत पेरा, परत एक सुटतो.

वीतभर रेघेवरचे बिंदूही असेच, १, २, ३ चे खडे त्यांना पुरत नाहीत. हे त्यानं १८७४ सालीच दाखवलं होतं. सर्वांत लहान अनंताला त्यानं आलेफ-शून्य म्हटलं. सर्वांत मोठं नाहीच. कोणतीही रास घ्या, तिच्यातून जेवढ्या तऱ्हेनं वेचता येईल त्या सगळ्या तऱ्हांची रास तिच्याहून मोठी भरते.

पोत्यांची तोंडं शिवून झाली की खळं लोटलं जायचं. सारवलेल्या भुईच्या भेगांत दाणे अडकलेले असायचे. मी काडीनं उकरायला बसलो की आजी म्हणायची, “ऱ्हाऊ दे रे, पाखरांचं हाय ते.” त्या दाण्यांसाठी खडा ठेवायला मला कुणी कधी सांगितलं नाही.