थंड पाण्यातला गळ

मासे खाण्यात माझा जन्म गेला; पण मासा धरण्यासाठी दोन स्वेटर, कानटोपी आणि मुलाचा ढगळ ओव्हरकोट चढवून भल्या पहाटे होडीत कुडकुडत बसण्याचा योग अमेरिकेत यावा, ही दैवाची थट्टाच म्हणायची! मालवणात आमच्या दारात कोळणीची पाटी येई. बांगडा ताजा की शिळा, एवढीच चौकशी आम्हांला ठाऊक.

मुलगा अलाबामा राज्यात हंट्सव्हिलला इंजिनियर आहे. गेल्या जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो. त्याची आई गेल्यानंतर प्रथमच. तिच्या अखेरच्या आजारात तो वेळेवर पोहोचू शकला नव्हता. त्या विषयाच्या आसपासही आम्ही फिरकत नसू. हवा, जेवण, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, असे जपून जपून बोलत असू. एका शनिवारी रात्री तो म्हणाला, "बाबा, उद्या गंटर्सव्हिलला येता? बास धरू."

मासा धरायच्या आधीच 'बास'! मला हसू आले. पुढे कळले की, हा मासा खरा बास नव्हेच. शास्त्रज्ञ त्याला 'सनफिश' कुळात घालतात. कुळ सूर्याचे आणि गाठायचा कडाक्याच्या थंडीत!

गंटर्सव्हिल तासाभराच्या वाटेवर आहे. टेनेसी नदीवर १९३९ साली पुऱ्या झालेल्या धरणाचा हा जलाशय सुमारे ६९ हजार एकरांचा. ज्या टेनेसी खोरे योजनेतून हे धरण उभे राहिले, तिच्याच नमुन्यावर १९४८ साली आपले दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. तेव्हा पाणी अगदीच परके नव्हे, अशी मी मनाची समजूत घातली.

पारा शून्याखाली होता. ओला दोरा काठीच्या कड्यांतून आला की कड्यांत बर्फ धरे. तो बोटांनी फोडावा लागे. धरणात बुडालेले नदीचे जुने पात्र यंत्राच्या पडद्यावर दिसत होते. जिथे तळ एकदम खोल उतरतो, तिथे हिवाळ्यात बास गोळा होतात. मुलाने होडी तिथे आणली. मी झोकात गळ टाकला आणि भराभर रीळ गुंडाळू लागलो.

"बाबा, हळू," तो म्हणाला. "माशाचं रक्त थंड. पाणी गारठलं की त्याचं पचनही मंदावतं. भूक नसते असं नाही, पण तो आमिषामागे धावत नाही. ते त्याच्या तोंडाशी न्यायचं आणि थांबायचं."

थांबलो. अर्धा तास गेला असेल. पाण्याकडेच पाहत तो म्हणाला, "बाबा, मी तिकीट काढलं होतं. आठवडाभर पुढं ढकललं. वाटलं, आई सावरेल."

समजुतीची दहा वाक्ये माझ्या जिभेवर आली. ती मी गिळली. बऱ्याच वेळाने म्हणालो, "फोनवर 'ठीक आहे' म्हणणारा मीच होतो रे. तुझं काम अडू नये म्हणून. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं."

तो काही बोलला नाही. नुसता माझा थर्मास उघडून त्याने चहा ओतला आणि कप माझ्या हातात दिला.

तेवढ्यात माझा दोरा जड झाला. हिसका नाही, ओढ नाही. ओला फडका अडकावा तसे नुसते ओझे. "ओढा!" मुलगा ओरडला. चांगला दोन किलोंचा हिरवट बास वर आला! तिरफळे घातलेले सार माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मुलाने हात पाण्यात बुडवले, अलगद गळ काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

"अरे, हे काय!"

"इथं बरेच जण सोडतात, बाबा. आणि थंडीत त्याला फार वेळ वर धरू नये."

शेजारच्या जॉर्जिया राज्यात १९३२ साली जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. या जातीतला तो विक्रमी मासा. पेरीने तो घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला! शहाणा माणूस, असे मी मुलाला ऐकवले. कितीतरी दिवसांनी तो मोकळेपणी हसला.

रात्री मी दुकानातल्या गोठवलेल्या माशाचे सार केले. तिरफळे मी मालवणहून नेलीच होती. पहिला घास घेऊन तो म्हणाला, "आईच्या हातचं याहून तिखट असायचं." मग उशिरापर्यंत आम्ही तिच्याविषयीच बोलत बसलो.