रंगभवन ते महालक्ष्मी : मुंबईची एक श्रवणयात्रा

महालक्ष्मी स्थानकावर उतरले की एका बाजूस धोबीघाट दिसतो आणि पश्चिमेकडे थोडे चालत गेले की रेसकोर्सचे प्रशस्त मैदान लागते. येथे १८८३ पासून घोड्यांच्या शर्यती होत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये, २८ व २९ तारखांना, याच हिरवळीवर ‘लोलापलूझा’ हा मूळचा अमेरिकन संगीतमहोत्सव भारतात प्रथमच भरला. कन्येच्या आग्रहास्तव मीही तेथे गेलो. ‘बाबा, गाणे मोबाइलवर ऐकणे वेगळे आणि समोर ऐकणे वेगळे,’ असे तिचे म्हणणे होते.

‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा संक्षेप होय. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांवर न विसंबता छोट्या कंपनीच्या साहाय्याने किंवा स्वखर्चाने गाणी काढणाऱ्या वाद्यवृंदांना हे नाव पडले. पुढे ती एक शैलीच मानली गेली. आपल्या भाषेत सांगायचे तर ही स्वतःच्या भांडवलावर चालवलेली पेढी. २००१ च्या सुमारास या शैलीत नवे चैतन्य आणणारा न्यूयॉर्कचा ‘द स्ट्रोक्स’ हा वृंद त्या महोत्सवाच्या प्रमुख आकर्षणांपैकी एक होता. ‘जॅपनीज ब्रेकफास्ट’ हा वृंदही आला होता. नाव जपानी असले तरी त्याची गायिका मिशेल झॉनर कोरियन मातेची अमेरिकन कन्या आहे. आईच्या निधनानंतर तिच्या हातच्या पदार्थांची आठवण जागवणारे या गायिकेचे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आईच्या स्वयंपाकघराचा शोक मुंबईतील मुलांना परका वाटत नाही, हे सांगण्यास संगीताचा जाणकार लागत नाही.

परदेशी वृंद मुंबईत येणे हे नवे नाही. लेड झेपलिनचे रॉबर्ट प्लँट आणि जिमी पेज १९७२ मध्ये कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्या क्लबात वाजवून गेले. धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी असलेल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. तेथेच मार्च १९८० मध्ये इंग्लंडचा ‘द पोलिस’ हा वृंद आला. त्याचे आयोजन ‘टाइम अँड टॅलंट्स क्लब’ या महिलांच्या सेवाभावी संस्थेने केले होते. त्या वृंदाचा गायक स्टिंग २०२४ च्या जानेवारीत महालक्ष्मीच्या मैदानावर गायला.

मधल्या काळात मात्र शहराने काही गमावले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची मुभा देतात. महाविद्यालय आणि रुग्णालये यांच्या सान्निध्यातील रंगभवन त्यामुळे मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांसाठी बंद झाले. नियम योग्यच आहे. रुग्णाची झोप गाण्याहून मोलाची. परंतु त्याच आकाराची पर्यायी जागा शहराने उभी केली नाही. लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातील जुन्या गोदामात २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झाले. रंगमंचाभोवती वर्तुळाकार बैठका आणि उत्तम ध्वनियोजना असलेले ते सभागृहही २०१६ मध्ये बंद पडले.

बँकेत हिशेब पाहण्यात आयुष्य गेल्याने मी या व्यवहाराकडेही पाहतो. वृंदाला विमानभाडे, व्हिसा आणि वाद्यांची वाहतूक हा खर्च असतो. वाद्ये परत नेण्याच्या हमीवर सीमाशुल्काविना आणण्यासाठी ‘एटीए कार्नेट’ हा दस्तऐवज जगभर वापरतात. मानधनातून आयकर कापला जातो. हा सारा खर्च श्रोते जवळजवळ सारखाच ठेवतात. ते थोडे असोत वा पुष्कळ. त्यामुळे हजारोंची गर्दी खेचणाऱ्या वृंदाला मैदान परवडते, शे-दीडशेंसमोर गाणाऱ्या स्थानिक मुलांना उपाहारगृहाचा कोपरा पुरतो. हजार-दीड हजार श्रोते असलेला परदेशी वृंद मात्र मुंबई वगळून पुढे जातो. ज्या शाखेत मध्यम खाती नाहीत, ती फार काळ तग धरत नाही. संगीताच्या शहराचेही तसेच आहे.

ज्येष्ठ वाचकांना काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. खुल्या जागेत ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून कार्यक्रम बहुधा दुपारीच सुरू होतात. घरून जेवून निघावे, पायांत जुने बूट असावेत, कानांसाठी बोळे न्यावेत आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपासून दूर उभे राहावे. गर्दीत फोन लागत नाही; भेटण्याची जागा आधीच ठरवावी. परतीला लोकल सोयीची. आणि मुलांना एकटे पाठवण्याऐवजी एकदा तरी सोबत जावे. मुले काय ऐकतात हे विचारून कळत नाही, ती ऐकताना पाहिल्यावर कळते. त्या संध्याकाळी माझ्या कन्येला प्रत्येक गाण्याचे शब्द पाठ होते आणि शेजारी उभ्या अनोळखी मुलींनाही.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुंबईत गोदामे आणि गाळे आहेत. त्यांपैकी एखादे, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशी आवाजबंदी करून, हजारभर श्रोत्यांचे सभागृह होऊ शकेल काय, याचा हिशेब एखाद्या तरुण व्यापाऱ्याने जरूर मांडून पाहावा. मिलच्या गोदामात ते एकदा नऊ वर्षे चालले होते.