पळसाच्या राखेतले नाव

रासायनिक क्रियेने ज्याचे आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही, त्याला मूलद्रव्य म्हणतात. त्याचे गुणधर्म निसर्ग ठरवतो आणि नाव माणूस देतो. म्हणून त्या नावात पदार्थाइतकीच माणसाच्या तत्कालीन ज्ञानाची अवस्थाही उमटते. चंद्रपूर जिल्ह्याच्या पोंभुर्णा तालुक्यातील ठाणेवासना येथे ज्याचे साठे आढळले आहेत, त्या तांब्याचे लॅटिन नाव ‘क्युप्रम’ हे सायप्रस बेटावरून आले, कारण रोमनांना तो धातू प्रामुख्याने तेथून मिळे. संस्कृत ‘ताम्र’ मात्र त्याचा तांबूस रंग सांगते.

नाव देताना समजूत अपुरी असली, तरी नाव टिकते. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतो असे मानून रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने त्याला ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. पुढे हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे हम्फ्री डेव्ही याच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले, तरी नाव बदलले नाही. मराठीतील ‘प्राणवायू’ हे नाव श्वसनाकडे लक्ष वेधते. पण योगशास्त्रातील पंचप्राणांपैकी प्राण ही निराळी संकल्पना असल्याने तेही स्पष्टीकरणाशिवाय दिशाभूल करू शकते.

एकोणिसाव्या शतकात बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्या ग्रंथकारांनी मराठीत रसायनशास्त्र लिहिले, तेव्हा वाचकापुढे पदार्थ आणि त्याचे नाव ही दोन्ही एकाच वेळी मांडण्याचे अवघड काम त्यांच्यावर आले. अशा जुन्या पुस्तकांतील काही माहिती आज कालबाह्य झाली असली, तरी वाचकाच्या अनुभवातून संज्ञेकडे जाण्याची त्यांची वाट मोलाची आहे.

ती वाट पोंभुर्ण्याच्या धानाच्या बांध्यांपर्यंत पोहोचते, कारण खताच्या पोत्यावरील नत्र, स्फुरद आणि पालाश ही नावे शेतकऱ्याच्या नित्य व्यवहारातली आहेत. नत्र म्हणजे नायट्रोजन. स्फुरद म्हणजे फॉस्फरस. 1669 मध्ये हेनिग ब्रांट याला तो मूत्रातून मिळाला आणि अंधारातील त्याच्या चमकेमुळे त्याला ‘प्रकाशवाहक’ अशा अर्थाचे ग्रीक नाव मिळाले. ‘स्फुर्’ या संस्कृत धातूतही चमकण्याचा अर्थ आहे. पालाश म्हणजे पोटॅशियम. डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून विद्युत्प्रवाह सोडून ते वेगळे केले. ‘पोटॅश’ म्हणजे भांड्यात आटवून मिळवलेला राखेचा क्षार, तर ‘के’ या चिन्हामागील ‘कॅलियम’ हे नाव वनस्पतींच्या राखेसाठी असलेल्या अरबी शब्दापर्यंत जाते. संस्कृतात ‘पालाश’ म्हणजे पळसाचे, आणि क्षार तयार करण्यासाठी ज्या वनस्पती जाळाव्यात असे सुश्रुतसंहिता सांगते, त्यांत पळसही आहे. त्यामुळे हे मराठी नाव ध्वनीने पोटॅशच्या जवळ असून अर्थाने पोंभुर्ण्याच्या जंगलात फुलणाऱ्या पळसाशी जुळते.

नावाचा असा उलगडा केला, म्हणजे पोत्यावरची अक्षरे पाठांतराचा विषय राहत नाहीत आणि विज्ञान परके वाटत नाही. म्हणूनच मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याने संज्ञा देऊन थांबू नये. ती कोणत्या निरीक्षणातून, कोणत्या अपुऱ्या समजुतीतून आली हेही सांगावे, कारण नामकरणाचा हा इतिहास म्हणजे ज्ञान कसे घडते आणि कसे सुधारते याचा सर्वांत सुलभ धडा आहे.